पहिला फटका

अप्पा, काल दुपारी तुमच्या खोलीतून वाखाचे पेड ओढल्याचा आवाज आला. दोन छोटे झटके आणि एक लांब, तुमचा नेहमीचा. मी स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजत होते. गॅस बंद केला, हात पुसले आणि तुमच्या दारात जाऊन उभी राहिले. खोलीत कुणी नव्हतं. खिडकीच्या गजाला तुमचा लोखंडी आकडा अडकवलेला होता, पंखा बंद होता, पलंगावर काढून ठेवलेली चादर तशीच पडली होती. काचीगुडा स्टेशनातून गाडी सुटली की आपली सगळी गल्ली थोडी हलते, तेच असेल अशी मी मनाची समजूत घातली. पण गाडीचा आवाज मी जन्मापासून ऐकते आहे. तो नव्हता.

मी आत गेले नाही. उंबऱ्यावरूनच परत आले. शेंगदाणे करपले होते.

तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. भेटायला आलेले लोक म्हणत होते, फार शांत माणूस. मी मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, यांनी कधी तुमच्यासमोर भाजीत मीठ जास्त टाकलेलं नाही. आपण दोघं एका घरात एवढी वर्षं राहिलो आणि एक दिवस भांडलो नाही असं झालं नाही. खिडकी उघडी ठेवायची की बंद इथपासून ते मी लग्न का केलं नाही इथपर्यंत. शेजारच्यांना वाटायचं या बापलेकींचं पटत नाही. आपलं भलतंच पटत होतं, म्हणून तर एवढं बोलायला सुचायचं.

तुमच्याबद्दल सांगताना लोक ट्रान्सपोर्ट ऑफिसातल्या नोकरीचं सांगतात. ती तुम्ही तीस वर्षं केलीत आणि तिच्याबद्दल घरी चार वाक्यंही बोलला नाहीत. तुमचं खरं काम संध्याकाळी सुरू व्हायचं. बेगम बाजारातून आणलेला अंबाडीचा वाख भिजवायचा, उन्हात वाळवायचा, विंचरायचा, एरंडेलाचा हात फिरवायचा, मग हळदीच्या पाण्यातून काढायचा. घराला कायम त्याचा वास. माझ्या वह्यांना, माझ्या डब्याला, माझ्या केसांना. आजोबा उदगीरकडची शेती सोडून इथं आले तेव्हा स्टेशनावरच्या टांग्यांसाठी चाबूक वळायचे. टांगे गेले. पण आषाढात देवीच्या मिरवणुकीपुढं अंगाला हळद फासून नाचणारा पोतराजू राहिला, आणि त्याच्या हातात कोरडा, म्हणजे वाखाचा चाबूक, लागतोच. आपल्या मुलखातला पोतराज दारोदार फिरतो, इथला पोतराजू देवीचा भाऊ असतो आणि वर्षातून थोडेच दिवस येतो, हे तुम्ही मला खांद्यावर बसवून दाखवलं होतं. लोक आपणहून मनगट पुढं करतात आणि तो त्यावर हलका फटका मारतो. तुम्हीही करायचात. स्वतःच्याच कोरड्याचा प्रसाद घेताना तुमचा चेहरा परीक्षेचा निकाल ऐकणाऱ्यासारखा व्हायचा.

आई गेली तेव्हा मी तिसरीत होते. पहिल्या सोमवारी शाळेत जायचं तर वेणी कोण घालणार, हा प्रश्न आला. तुम्ही मला खिडकीपाशी पाठमोरी बसवलंत, हाताला तेल लावलंत आणि घातलीत. आठपेडी. तुम्हाला दुसरी येतच नव्हती. इतकी घट्ट की माझ्या भुवया वर गेल्या आणि दिवसभर मी आश्चर्य वाटल्यासारखी दिसत होते. मधल्या सुट्टीत मुली एकेक करून येऊन वेणी ओढून बघत होत्या. ती शनिवारपर्यंत सुटली नाही. बाईंनी वहीत लिहून पाठवलं, की मुलीची वेणी थोडी सैल घालावी. तुम्ही ते वाचून म्हणालात, "सैल घालायची आसंल तर घालायचीच कशाला?"

त्या वेणीचा मला तेव्हा राग यायचा. आज कुणी तशी घालून दिली तर मी ग्रंथालयातून सुट्टी काढून घरी बसेन आणि आरशात बघत राहीन.

मोठी झाल्यावर मला तुमच्या कामाची लाज वाटली, हेही लिहिलं पाहिजे. कॉलेजात मैत्रिणींना मी फक्त ट्रान्सपोर्ट ऑफिस सांगितलं. एकदा तुमच्या तोंडावर म्हणाले, "मारायची वस्तू करता तुम्ही. त्यात काय एवढं मोठेपण?" तुम्ही पायाच्या अंगठ्यात पेड धरून बसला होतात. मान वर न करता म्हणालात, "मारणारा चपलीनं बी मारतोय. मग चांभारानं काय करावं?" वर म्हणालात, आजोबांचा चाबूक घोड्याच्या कानापाशी वाजायचा, घोड्याला लागायचा नाही. मी म्हणाले, ते घोड्याला विचारलंत का. तुम्ही हसलात. हा वाद आपण पुढं वीस वर्षं चालवला आणि तो संपला नाही. आता मी तुमच्या बाजूनं बोलायला तयार आहे, तर समोर कुणी नाही.

मला विणायला तुम्ही शिकवलंत ते मुलगा नव्हता म्हणून. हे तुम्ही कधी लपवलं नाही आणि मीही कधी मनावर घेतलं नाही. कोरडा मुठीपाशी जाड आणि टोकाला बारीक. आठ पेडांनी सुरू होतो, पुढं सहा होतात, शेवटी चार. जे पेड कमी होतात ते कापायचे नाहीत, आत गाभ्यात वळवून घ्यायचे आणि वरून आवळायचे. तिथं आवळणं सैल राहिलं तर बाहेरून काही दिसत नाही. हात फिरवूनही कळत नाही. अंगावर फटका बसला की मात्र त्या एका जागी वेगळं लागतं, चिमटा काढल्यासारखं.

म्हणून आपल्या घरचा नियम. कोरडा घराबाहेर जाण्याआधी त्याचा पहिला फटका करणाऱ्यानं स्वतःच्या अंगावर घ्यायचा. आजोबा पिंढरीवर घ्यायचे, तुम्हीही. "ज्याच्या अंगावर जाणार हाय त्याला कुठं लागंल, हे आदी आपल्याला कळलं पायजे." दहातला एखादा कोरडा चिमटा काढायचा. मग तुम्ही तो मधून सोडायचात, परत वळायचात, परत फटका. त्याचं तुम्हाला कधी वाईट वाटलं नाही. "चुकतंय की. चुकतंय म्हणून तर फटका घ्यायचा," एवढंच म्हणायचात. विद्यानगरमधल्या त्या पुण्याच्या बाई आठवतात? माझ्या ग्रंथालयात यायच्या. त्यांना दिवाणखान्यात भिंतीवर लावायला कोरडा हवा होता. तुम्ही त्यांच्यादेखत धोतर वर करून पिंढरीवर सण्णकन लावलात आणि मग कागदात गुंडाळून दिलात. त्या बाई पुन्हा पुस्तक बदलायला आल्या नाहीत.

मग तुमच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या. साधं टेबलाला कोपर लागलं तरी निळं व्हायचं. त्या वर्षीच्या आषाढानंतर तपासायला गेलो तर डॉक्टरीणबाईंनी तुमच्या पिंढऱ्या बघितल्या, मग माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "घर में और कौन कौन रहते?" मी काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, "मैंच मारता मेरेकू." त्यानं तर अजूनच पंचाईत झाली. घरी येईपर्यंत रिक्षात मी तुमच्याशी बोलले नाही आणि घरी आल्यावर जे बोलले ते खालच्या मजल्यावरच्या खालांपर्यंत गेलं. शेवटी तोडगा निघाला. विणायचं तुम्ही, फटका मी घ्यायचा. तुम्ही म्हणालात, लेकीच्या अंगावर? मी म्हणाले, निम्मं विणून झालेलं लेकीनं सोडवलेलं चालतं, वाख लेकीनं विंचरलेला चालतो, मग हे का नाही? त्यावर तुमच्याकडं उत्तर होतं, पण ते तुम्ही पुटपुटलात. तुम्हाला बघवणार नव्हतं म्हणून मी गच्चीवर जायचं आणि तुम्ही खाली खिडकीपाशी बसून आवाज ऐकायचा असं ठरलं. फटका झाला की मी खाली यायचं, तुम्ही माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवायचात.

पहिल्या वर्षी मी दोन घेतले. डाव्या हातावर, कोपराच्या खाली. लागलं, पण सारखं लागलं. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात सोबतच्या बाईंनी मला रॅकच्या मागं नेलं आणि हळू आवाजात विचारलं, घरी काही त्रास आहे का. माझं लग्न झालेलं नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून पुढं अजून हळू विचारलं, "वडील?" मला इतकं वाईट वाटलं की मी नीट उत्तरही दिलं नाही.

पुढच्या वर्षी मल्लेशचा कोरडा झाला. आता पुढचं मी तुम्हाला सांगते आहे, लोकांना नाही. लोकांनी वाचलं तरी चालेल.

मल्लेश म्हणजे तुमचा लाडका. एरवी टेंपो चालवणारा, आषाढात पोतराजू. त्याच्या आजाचा कोरडा आजोबांनी वळला होता. तुम्ही त्याच्यासाठी नेहमी हाताखालचा चांगला वाख बाजूला काढून ठेवायचात. त्या दिवशी दुपारी ऊन पडलं होतं म्हणून मी गच्चीवर गाद्या टाकल्या होत्या. कोरडा घेऊन वर गेले. बाही वर केली. हात पुढं धरला. मला त्या बाईंचा आवाज आठवला, "वडील?" मी स्वतःला सांगितलं, की उद्या परत तुमच्यावर संशय नको. पुष्कळ दिवस मी हेच कारण स्वतःला सांगत आले. खरं कारण एवढंच होतं की मला लागायला नको होतं. दमले होते, घामेजले होते, आणि तुमचा हात कधी चुकतो का, असंही वाटलं. मी कोरडा गादीवर मारला.

आवाज चांगला आला. खालून तुम्ही विचारलंत, "हातावर घेतलीस का?"

"हौ."

"कुठं जास्ती लागूलालंय?"

"कुठंच नाही. सगळीकडं सारखं."

खाली आले तर तुम्ही गुळाचा खडा घेऊन उभे होतात. बाही वर कर असं म्हणाला नाहीत. मी तो गूळ खाल्ला, अप्पा. चांगला होता.

मिरवणुकीला आपण दोघं गेलो. तुम्ही देवळाच्या कोपऱ्यावर, तुमच्या नेहमीच्या जागी. डफ वाजत होते, मल्लेश हळदीनं पिवळाधमक, पायात घुंगरू. पहिले दोन फटके आभाळात वाजले आणि तुम्ही माझ्याकडं बघून मान हलवलीत. पुढच्या फटक्याला कोरडा मध्येच उकलला. जिथं सहाचे चार होतात तिथं. आत दडवलेलं टोक सुटून मागं उडालं आणि मल्लेशची भुवई फाटली. हळदीवरून रक्त खाली आलं. डफ थांबले. कोपऱ्यावरची एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, अम्मा, म्हणजे देवी, कोपली. मल्लेशनं टॉवेल बांधला, कुणाचा तरी दोर हातात घेतला आणि शेवटपर्यंत नाचला. तुम्ही गर्दीत वाकून तो उकललेला कोरडा उचललात आणि पिशवीत घातलात.

घरी येऊन तुम्ही दिवा लावलात, चष्मा पुसलात आणि ती जागा बघत बसलात. खूप वेळ. मग म्हणालात, "ही जागा तुला लागायला पायजे हुती." वर माझ्याकडं बघितलंत. "लागली नाही?"

खरं सांगायला एवढी एक वेळ होती. तुम्ही चिडला असता. दोन दिवस बोलला नसता. त्यापुढं काय होणार होतं? मी म्हणाले, "नाही."

"मग हात गेला माझा," तुम्ही म्हणालात. "चूक झाली तर होऊ दे. पर ती फटक्याला बी सापडंना, तर मग काय राहिलं."

आणि मी काय म्हणाले ते तुम्हाला आठवत असेल. मी म्हणाले, "वय झालं अप्पा आता. होणारच." तुम्हाला म्हातारं ठरवून मी मोकळी झाले.

त्यानंतर दोन वर्षं तुम्ही कोरडा केला नाहीत. म्हणजे मला तसं वाटत होतं. मल्लेश पुढच्या आषाढाआधी केळी घेऊन आला, तुम्ही त्याच्यापुढं हात जोडलेत आणि दुसरीकडं बघ म्हणालात. तो बाजारातला नायलॉनचा घेऊन नाचला. आपण बघायला गेलो नाही. पण हात गेला तो एवढ्यापुरता गेला नाही. तुम्ही चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागलात. पार्सलची सुतळी माझ्याकडून सोडवून घ्यायला लागलात. सही करताना पेन टेकवून थांबायचात. सुलतान बाजारात गर्दीत माझा दंड धरायला लागलात, ज्या माणसानं मला तिथं कायम मागं टाकलं. डॉक्टरीणबाईंनी बोटं वाकवून बघितली आणि म्हणाल्या, हात तर छान आहेत. तुम्ही मला रिक्षात म्हणालात, "त्यांना काय कळतंय."

मी रोज ठरवायचे, आज सांगायचं. रोज जास्त अवघड व्हायचं. पहिल्या दिवशी एका खोट्याची कबुली द्यायची होती, सहा महिन्यांनी सहा महिन्यांच्या खोट्याची. मग मला वाटायला लागलं, की आता सांगितलं तर तुम्हाला जास्त त्रास होईल. असं वाटून घेणं सोयीचं असतं.

तुम्ही गेलात त्या सकाळी तुम्हाला अंघोळ घालायला दिलीप आत होता, मावशीचा मुलगा. तो बाहेर आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, अप्पांच्या पिंढऱ्यांवर हे काय आहे?" मी आत जाऊन बघितलं. दोन्ही पायांवर वळ. जुने पिवळे पडलेले, काही हिरवट, काही नवे, काळे निळे. मोजण्यासारखे नव्हते. बाहेर आले तर सगळे नातेवाईक माझ्याकडं बघत होते.  मलाच काही कळलं नव्हतं.

दहाव्याला खालच्या खाला वर आल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "रोज दोपहर को अप्पा क्या करते थे बेटी? तुम लायब्ररी को गए कि थोडी देर में फट् बोलके आवाज आती थी. एकीच बार. मैं समझी कपडे झटक रहे."

त्या दुपारी मी तुमची ट्रंक उघडली. तळाशी एका उशीच्या अभ्र्यात वाखाचे आठ पेड होते, चार पेडांपर्यंत आणून टोकाशी सोडलेला अर्धवट कोरडा. ते इतक्या वेळा वळून सोडलेले होते की त्यांचा अंबाडीचा खरखरीतपणाच गेला होता. हातात घेतले तर जुन्या लुगड्यासारखे मऊ. जिथं सहाचे चार होतात, त्या जागेवर पेन्सिलीची खूण होती. तिथलं आवळणं सैल होतं. मी बोट लावून बघितलं. चुकून सैल राहिलेलं नव्हतं, तुम्ही ते मुद्दाम सैल ठेवलं होतं.

मी पलंगावर बसले, आणि तेव्हा मला सगळं कळलं. तुम्ही रोज दुपारी तीच चूक मुद्दाम करत होतात. मल्लेशच्या कोरड्यातली. ती करून पायावर मारून बघत होतात, की अशी चूक फटक्याला सापडत नाही, हे होतं कसं. तुमच्या पिंढरीवरच्या प्रत्येक वळात एका जागी जास्त काळा ठिपका होता. मी बघितला होता, तेव्हा अर्थ लागला नव्हता. तो चिमटा. ती चूक दर वेळी सापडत होती, अप्पा. दर वेळी तुम्हाला तिथंच लागत होतं.

मग तुम्हाला कळलं होतं का?

हाच प्रश्न घेऊन मी घरात फिरते आहे. चूक फटक्याला सापडतेच, तर त्या दिवशी फटका घेतलाच गेला नव्हता, हे कळायला तुम्हाला एक दुपार पुरायला हवी होती. तुम्ही दोन वर्षं घेतलीत. तुम्हाला तो अर्थ लागलाच नाही का? की पहिल्याच दिवशी लागला, आणि लेकीबद्दल तसा विचार करायचा नाही म्हणून तुम्ही रोज परत सोडून, परत वळून, परत मारून बघत होतात, की आज तरी लागणार नाही? संध्याकाळी मी घरी यायचे तेव्हा तुम्ही पाय झाकून बसलेले असायचात. "आज कोण कोण आलं पुस्तकाला?" असं विचारायचात. माझ्या तोंडाकडं बघायचात. त्या बघण्यात काय होतं, ते मी आता एकेक दिवस आठवून शोधते आहे आणि मला काही सापडत नाही.

तेरावं झालं. परवा मल्लेश आला. आल्या आल्या तुमच्या फोटोपुढं वाकला, मग जमिनीवर बसला. म्हणाला, "अक्का, घर में अप्पा के हाथ का एक भी कोरडा है क्या? नाचने को नई होना. घर में रखता मैं." मी त्याला तो अर्धवट वळलेला आणून दिला. आणि मग, का ते माहीत नाही, सगळं सांगून टाकलं. गादी, गूळ, "लागली नाही?" आणि त्यावर मी काय म्हणाले ते.

त्यानं चहा खाली ठेवला. भुवईवर अजून व्रण आहे, तिथं केस येत नाहीत. तो मला म्हणाला, "दो साल, अक्का. मैं सोचा मेरेसे कुछ हुआ. उपास के दिनों में कुछ गलत खाया क्या, किसको हाथ लगाया क्या, अम्मा मेरेपेच गुस्सा हुई बोलके. हमारी माँ बी वैसाच बोली. दो साल से मैं मटन को हाथ नई लगाया. नाचने को डरता मैं, मालूम?"

मला ते माहीत नव्हतं. माझ्या डोक्यात इतके दिवस फक्त तुम्ही होतात, दुसरा माणूस आलाच नव्हता. मी माफ कर म्हणाले.  उठला, चपला घातल्या. दारातून वळून विचारलं, "अप्पा को बोले क्या ये?"

"नाही."

"तो मेरेकू पहले कैसा बोल रहे? जाके उनको बोलो."

तो अर्धवट कोरडा तो बरोबर घेऊन गेला. मी अडवलं नाही.

काल तो आवाज आला तेव्हा मी उंबऱ्यावरून परत आले, ते तुम्हाला हे सांगावं लागेल या भीतीनं. आज दुपारी मात्र खोलीत गेले. दार लावून घेतलं. पलंगावर बसणार होते, मग वाटलं, हे बसून सांगायचं नाही. खिडकीपाशी, जिथं तुम्ही माझी वेणी घालायचात तिथं तुमच्या जागेकडं तोंड करून उभी राहिले आणि मोठ्यानं बोलले. अप्पा, तो फटका मी हातावर घेतला नाही, गादीवर मारला. तुमची चूक नेहमीसारखीच होती, दहातल्या एकासारखी, आणि ती पकडायचं काम माझं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा दुसऱ्यांदा खोटं बोलले. तुमचा हात कुठंही गेला नव्हता. शेवटच्या दिवसापर्यंत तो चांगला होता आणि हे मला रोज माहीत होतं.

एवढं बोलून मी थांबले. खाली खालांच्या कुकरची शिट्टी झाली. स्टेशनावर कुठली तरी गाडी लागत असल्याचं सांगत होते, आधी तेलुगूत, मग हिंदीत. मी अर्धा तास उभी होते. पाय दुखायला लागले तरी हलले नाही, कारण तुम्ही विचार करून बोलायचात तेव्हा वेळ लावायचात.

आयुष्यात माझं एकही वाक्य तुम्ही उत्तराशिवाय जाऊ दिलं नाहीत, अप्पा. हे पहिलंच.